न विझवलेला चुना

मंगळवारी दुपारी चार वाजता खडकसांगवी नगरपरिषदेच्या दर्शनी भिंतीवरच्या पडद्यावर आठवड्याचा निकाल लागला. सामुदायिक सुविधा अनुदानासाठी शहरातल्या सहा वस्त्यांची निवड झाली होती. भट्टी वस्ती त्यांत नव्हती. तिच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत शेरा होता: धोका नगण्य.

त्याच सुमारास भट्टी वस्तीतून शववाहिका बाहेर पडत होती. त्या आठवड्यातली ती पहिली नव्हती.

जयमाला ढोणे पडद्यासमोर उभी होती. वस्तीतल्या महिला बचत गटांच्या संघाची ती सचिव. वस्तीच्या समाजमंदिरात ऑक्सिजनची टाकी, तीस खाटा, प्रत्येक खाटेपर्यंत नळी आणि स्वतंत्र वीज, असा प्रकल्प तिच्या सहीने सादर झाला होता. मंजुरी मिळाली की ठेकेदार आठवड्याच्या आत उभारणी करून देतो, हे तिने शेजारच्या वस्तीत पाहिले होते. तिने निकाल पुन्हा वाचला आणि मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात गेली.

मुख्याधिकाऱ्यांनी तिला बसायला सांगितले, पाणी मागवले. निकाल त्यांच्या हातात नव्हता. कलेक्टरांच्याही नव्हता. योजनेची तीच तर खासियत होती, असे ते म्हणाले.

"माणसं मरतायत साहेब," जयमाला म्हणाली.

"मृत्यू निकषात धरत नाहीत, ताई. मृत्यू म्हणजे मागची गोष्ट. यंत्र पुढचं बघतं."

घरी परतली तेव्हा वीज होती. दारातूनच तिला हवेतून ऑक्सिजन गाळणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू आली. ती ऐकल्यावर तिने चपला काढल्या. तिचा नवरा संपत, शाळेच्या गाडीचा चालक, नाकात नळी घालून भिंतीला टेकून बसला होता. पडून राहिले की त्याला धाप लागे. बोलताना तो मध्येच थांबत असे, आणि त्या थांबण्याला सगळे घर थांबत असे.

"लागला का नंबर?" त्याने विचारले.

तिने मान हलवली. तो थोडा वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "बरं हाय. नगण्य रोगानं मेलो, असं लिव्हतील."

धापताप नावाने लोक ओळखत असलेल्या या साथीची ही तिसरी लाट होती. पहिल्या दोन लाटांत सरकारने सुविधांसाठी निधी दिला तो मागणीवरून, म्हणजे प्रत्यक्षात शिफारशीवरून. ज्या गावात वजनदार पुढारी होते तिथे टाक्या बसल्या. काही टाक्यांना रुग्ण मिळाले नाहीत आणि काही रुग्णांना टाक्या मिळाल्या नाहीत. त्यावर खूप ओरड झाली. तिसऱ्या लाटेपूर्वी राज्याने निधीवाटप नाल्यांवर सोपवले.

तत्त्व सोपे आहे. धापतापाचा विषाणू माणसाला खोकला येण्याच्या काही दिवस आधीपासून त्याच्या विष्ठेतून बाहेर पडू लागतो. त्यामुळे वस्तीत पुढच्या आठवड्यात किती जण आजारी पडणार, हे वस्तीचे सांडपाणी आज सांगू शकते. प्रत्येक वस्तीच्या मुख्य नाल्याच्या तोंडाशी फ्रिजएवढी, स्वतःच्या बॅटरीवर चालणारी एक पेटी बसवण्यात आली. ती सकाळी आठपासून दुसऱ्या सकाळी आठपर्यंत थोडेथोडे पाणी ओढते, एकत्र करते आणि त्यातल्या विषाणूच्या जनुकीय धाग्यांचे तुकडे मोजते. लोकांनी तिचे नाव ठेवले हुंग्या.

आता नाल्यात विषाणू कमी सापडला तर त्याचा अर्थ काय? लोक निरोगी असतील, किंवा नाल्यात नुसतेच पाणी जास्त असेल. हा घोळ सोडवण्यासाठी हुंग्या दुसराही एक विषाणू मोजतो. तो मिरचीच्या झाडांवर रोग पाडतो. माणसाला त्याचा काडीचा त्रास नाही. पण मिरची खाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटातून तो जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि तो इतका चिवट असतो की उन्हाला, साबणाला, फिनेलला सहसा दाद देत नाही. मिरचीचा विषाणू भरपूर म्हणजे माणसे भरपूर. त्याच्या तुलनेत धापतापाचा विषाणू किती, यावर वस्तीचा आकडा ठरतो आणि आकड्यावर निधी.

भट्टी वस्तीत मिरचीचा विषाणू शहरात सर्वाधिक होता. धापतापाचा जवळपास शून्य.

डॉ. शबाना मुजावर गुरुवारी सकाळी आल्या. जिल्ह्यातल्या सगळ्या हुंग्यांची देखरेख त्यांच्याकडे होती. जयमालाने त्यांना इतके फोन केले होते की त्यांनी शेवटी यंत्रच बिघडले असावे असे गृहीत धरून दौरा काढला. यंत्र बिघडले नव्हते. त्यांनी ते उघडून तपासले आणि पुन्हा झाकण लावले. मग त्या जयमालाबरोबर नाल्याच्या कडेने वस्तीत चालू लागल्या.

वस्तीचे नाव जुन्या चुनाभट्ट्यांवरून पडलेले. त्यांतल्या दोनच उरल्या होत्या: एक जयमालाच्या सासूची, सोनाबाईची, आणि एक नामदेव काळगे यांची. साथीच्या आधी त्या वर्षातून दोनतीनदा पेटत. आता दोन्हींतून धूर निघत होता.

मंगळवारी ज्या घरातला माणूस गेला होता त्या घरासमोर मुजावर थांबल्या. उंबरा पांढराफटक होता. उंबऱ्यापासून पांढरा ओघळ गटारात उतरला होता आणि गटाराच्या दोन्ही कडा पुढे लांबपर्यंत पांढऱ्या होत्या. त्यांनी ते काय आहे म्हणून विचारले.

जयमालाने सांगितले. वस्तीत कोणी गेले की गल्लीतले प्रत्येक घर कळीच्या चुन्याचा एकेक खडा आणून देते. खडे घमेल्यात घालून घमेले उंबऱ्यावर ठेवतात. घरातली थोरली बाई त्यावर पाणी ओतते. चुना खदखदतो, वाफ निघते, आणि विझलेला चुना उंबऱ्यावरून गटारात सोडून देतात. याला चुना फिरवणे म्हणतात. त्यानंतर घर उघडे होते. म्हणजे चूल पेटते, शेजारी आत येतात, पाहुण्याला पाणी दिले जाते. तोवर घर बंद. पूर्वी हे दहाव्याला करत. साथीत लोक जमवायला बंदी आल्यापासून त्याच दिवशी उरकतात. शिवाय भीतीपोटी आता आजूबाजूची घरेही आपापल्या गटारात चुना सोडतात.

मुजावर खाली बसल्या. बॅगेतून एक कागदी पट्टी काढून त्यांनी गटारात बुडवली. पट्टी गडद निळी झाली. पाणी कडक क्षारी होते.

"चुन्यात विषाणूचा धागा टिकत नाही," त्या म्हणाल्या. "तुकडे तुकडे होतात. आणि तुटलेले तुकडे पुन्हा जुळत नाहीत."

"आन मिरचीचा?"

"त्याचं कवच फार घट्ट असतं. तो राहतो." त्या उठल्या. "तुमच्याकडे जितके मृत्यू, तितका चुना. जितका चुना, तितका नाला निर्मळ. यंत्राला दिसतं की इथे भरपूर माणसं आहेत, चांगलं जेवतात आणि कुणाला काहीही झालेलं नाही."

यंत्रात पाण्याची क्षारता तपासण्याची सोय होती, पण ती दिवसभराच्या एकत्र पाण्याची. तोवर चुना बाकीच्या सांडपाण्यात मिसळून निवलेला असे, आणि कपड्यांचा सोडा गृहीत धरून मर्यादाही सैल ठेवली होती. हे जयमालाला पूर्ण समजले नाही. तिने फक्त इतके विचारले की हे तुम्ही वर लिहून द्याल का.

"लिहीन. पण वाटपात पत्राला जागाच ठेवलेली नाही. पत्रांना जागा होती तेव्हा कुणाला काय मिळायचं ते तुम्हाला माहीत आहे." मुजावरांनी हातमोजे काढून पिशवीत टाकले. "यंत्राला खरं वाचू द्या. पुढच्या मंगळवारपर्यंत चुना बंद ठेवा. बास."

जयमालाने पांढऱ्या उंबऱ्याकडे पाहिले. दारात बसलेली बाई तिच्याकडेच बघत होती.

संध्याकाळी तिने हे घरी सांगितले. संपतला आधी हसू आले आणि त्यातून खोकला. "म्हंजे," तो सावरल्यावर म्हणाला, "माझ्या ठेच्यानंच घात केला म्हण की."

सोनाबाई चुलीपुढे बसली होती. तिचा धाकटा मुलगा विलास पहिल्या लाटेत गेला होता. त्या दिवशी तिने स्वतःच्या भट्टीतला सगळा माल उंबऱ्यावर रिता केला होता. वाफेत समोरचे घर दिसेनासे झाले होते, असे लोक अजून सांगत.

शुक्रवारी समाजमंदिराच्या पटांगणात माणसे अंतर ठेवून बसली. जयमालाने नाल्याची गोष्ट सांगितली, मुजावरांनी सांगितली होती त्याच क्रमाने. ऐकताना काही जणांनी एकमेकांकडे पाहिले. नामदेव काळगे म्हणाला की इतकी वर्षं सरकारनं आपल्याला चुना लावला आणि आता आपलाच चुना आपल्याला नडला. दोघे-तिघे हसले. मग प्रश्न सुरू झाले. चुना गटारात न सोडता खड्डा काढून साठवला तर? हे जयमालानेही मनात घोळवले होते. पण म्हाताऱ्या बायांनी ते उडवून लावले. जे घरातून जायचे ते वस्तीच्या शिवेबाहेर वाहून गेले पाहिजे. दारातच साठवायचे तर करायचे कशाला? एका म्हाताऱ्याने विचारले की चुना नाही फिरवला तर घर उघडणार कधी.

आवाज चढू लागले तेव्हा सोनाबाई उठली.

"मंगळवारपातूर," ती म्हणाली. "एक पोरगं मी दिलंय. दुसरं घरात धापा टाकतंय. माझ्या भट्टीतनं कुणाला खडा मिळायचा न्हाई. नामदेवा, तुझ्याबी न्हाई."

नामदेवने मान डोलावली. त्या संध्याकाळी दोन्ही भट्ट्या विझवण्यात आल्या.

शनिवारी भट्टी वस्तीचा आकडा दुप्पट झाला. रविवारी तो शहरात तिसरा होता आणि सोमवारी पहिला. वस्तीत कोणीतरी पेढे आणले. आजवर कोणी आपल्या रोगावर पेढे वाटले नसतील, असे संपत म्हणाला, आणि त्याने अर्धा खाल्ला.

मंगळवारी दुपारी चार वाजता पडद्यावर शेरा बदलला. अक्षरे लाल होती: फेरफाराचा संशय. अनुदान स्थगित. पडताळणी सुरू.

संध्याकाळपर्यंत वस्तीच्या तिन्ही वाटांवर कठडे लागले. आकडा वाढला की वस्ती बंद करायची हा नियम वेगळा होता आणि तो आपोआप लागू झाला होता. बंद करायला यंत्राचा आकडा पुरेसा होता. पैसे द्यायला नव्हता.

मुजावरांचा फोन आला तेव्हा जयमाला कठड्याशीच उभी होती. मुजावरांनी सांगितले ते असे. योजना सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका गावाने दवाखान्याच्या शौचालयाचे पाणी टँकरने आणून आपल्या नाल्यात ओतले होते. आकडा चढला, टाकी मिळाली. मग आणखी दोन गावांनी तेच केले. तेव्हा उडीचा नियम आला. रोग पसरायला वेळ लागतो. आकडा त्याहून वेगाने चढला तर तो रोग नव्हे, टँकर, असे यंत्र धरते. मग दोन आठवडे ते फक्त बघत राहते. आकडा नैसर्गिक रीतीने टिकला तर अनुदान. मध्येच एकदम खाली आला तर टँकर थांबला असा अर्थ, आणि वस्ती योजनेतून कायमची बाद.

"पर आमच्याकडं टँकर न्हवताच," जयमाला म्हणाली.

"मला माहीत आहे. पण खरं एकदम उघडं पडलं की तेही यंत्राला टँकरसारखंच दिसतं." मग मुजावर म्हणाल्या, "तो नियम मी सुचवलेला आहे, जयमालाताई. आणि मी आजही तो काढा म्हणणार नाही. तो नसता तर सगळा पैसा टँकरवाल्यांनाच गेला असता."

"आमी काय करायचं?"

"आणखी दोन आठवडे. पुढच्या-पुढच्या सोमवारी सकाळी आठला शेवटचा नमुना संपेल. तोवर चुना नको. तुमचं घर यंत्राच्या अगदी जवळ आहे. एका घमेल्यानेही आकडा पडू शकतो."

हे सांगायला जयमाला घरोघर गेली. एक आठवडा थांबायला तयार झालेल्या लोकांना ती आता आणखी दोन मागत होती. तिला कोणी शिवी दिली नाही. काहींनी दार लावून घेतले.

समोरच्या घरातल्या गजराबाईचा नवरा बुधवारी गेला. गटाने वर्गणीतून घेतलेल्या दोन ऑक्सिजन यंत्रांपैकी दुसरे त्याच्याकडे होते. गजराबाईने चुना फिरवला नाही. चूल पेटवली नाही. ती दारात बसून राहिली आणि रिवाजाप्रमाणे कोणी तिच्या उंबऱ्याच्या आत गेले नाही. सून माहेरी अडकलेली, मुलगा पुण्यात. जयमाला तिला दोन वेळची भाकरी नेऊन देई आणि उंबऱ्याबाहेर ठेवी.

"तुझा हुंग्या हुंगतोय न्हवं?" तिसऱ्या दिवशी गजराबाई म्हणाली. "हुंगू दे. पर माझं दार कवा उघडायचं, तेवढं इचार त्याला."

बंद घरे वाढत गेली. ज्यांच्या चुली पेटत होत्या त्या बाया दोन-दोन घरांचे रांधू लागल्या. मग तीन-तीन. कठड्यांमुळे किराणा एक दिवसाआड येई. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत जयमालाच्या गल्लीत बंद घरे उघड्या घरांहून जास्त झाली. माणसे आपापल्या दारात बसून एकमेकांकडे पाहत, आणि कोणी कोणाकडे जाऊ शकत नसे. नामदेवच्या भट्टीतून कोणीतरी खडे चोरल्याची बातमी आली तेव्हा जयमाला धावत गेली. चोरी झाली नव्हती. नामदेवने स्वतःच भट्टीच्या तोंडाशी काटेरी फांद्या रचल्या होत्या आणि तो त्यांच्यासमोर बसून होता. त्याची बायको आदल्या दिवशी गेली होती.

"जा तू," तो जयमालाला म्हणाला. "मी माझीच राखण करतोय."

आकडा टिकून होता. मुजावर रोज सकाळी साडेआठला फोन करून तेवढेच सांगत: टिकून आहे. वस्ती किती आजारी आहे हे मोजणारा आकडा ऐकून जयमालाला हायसे वाटे. हायसे वाटल्याचे लक्षात आले की ती दुसऱ्या कामाला लागे.

संपत आता अर्धी भाकरीही खात नव्हता. दवाखान्यांतून जागा नसल्याचे उत्तर येत होते. वीज गेली की इन्व्हर्टर लागे आणि तिघेही बॅटरी संपत आल्याच्या त्याच्या शिटीची वाट पाहत. एकदा अशाच शांततेत तो म्हणाला, "जया, समजा मी समाजमंदिरापातूर पोचलो न्हाई."

"पोचता की. समोर तर हाय."

"समजा म्हणतोय." तो श्वासासाठी थांबला. "आईला चुना फिरवू देशील?"

सोनाबाई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

शेवटच्या रविवारी सकाळी सहा वाजता वस्तीचे रोहित्र जळाले. वीज मंडळाची गाडी कठड्यापाशी अडली. तिला आत सोडण्याची परवानगी मिळाली तेव्हा साडेनऊ वाजले होते. इन्व्हर्टर साडेआठला संपला होता. जयमालाने शेजारच्या वस्तीतून सिलिंडर मागवला. तो निघाल्याचा निरोप आला, सिलिंडर आला नाही. संपत ढोणे नऊनंतर केव्हातरी गेला. तो बसलेलाच होता, त्यामुळे नेमकी वेळ जयमालाला सांगता आली नाही.

साडेआठचा फोन तिने घेतला नव्हता. मुजावरांनी संदेश ठेवला होता: टिकून आहे. शेवटचा नमुना सुरू झाला आहे. उद्या सकाळी आठ.

शववाहिका दुपारी आली आणि गेली. सोबत कोणाला नेत नाहीत. दोघी बायका दारात उभ्या राहिल्या. वीज परत आली होती, आणि घरात ऑक्सिजन गाळणारे यंत्र घरघरत होते. ते बंद करायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

"चुना आण," सोनाबाई म्हणाली.

जयमालाने यंत्र बंद केले. मग म्हणाली, "आत्याबाई, उद्या सकाळपातूर. एक रात."

"आण."

"मग दिवसभर वता. मी वतीन तुमच्यासंगं. सगळी वस्ती वतंल."

"दोन पोरं गेली माझी." सोनाबाईचा आवाज चढला नाही. तिला दोन दिवसांपासून ताप होता, हे जयमालाला ठाऊक होते. काल बोलता बोलता ती पहिल्यांदा थांबली होती, तेही तिला ठाऊक होते. "एकाला चुना दिला. दुसऱ्याला आकडा देऊ?"

"तुमालाच लागंल की वो ती टाकी. आता तुमालाच."

"मला कशाला गं," सोनाबाई म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली.

गल्लीत दारादारांत माणसे बसलेली होती. सगळ्यांना बोलणे ऐकू जात होते. गजराबाईच्या शेजारचा एक जण मोठ्याने म्हणाला की बघूया, सेक्रेटरीच्या घराला नियम हाय का फकस्त आम्हांला. गजराबाईने त्याला गप्प केले. मग ती समोरून, उंबऱ्यावरूनच, म्हणाली, "वत सोनाबाई. तुला कोण काय बोलायचं न्हाई."

गजराबाईच्या उंबऱ्यावर नवरा गेल्या दिवसापासूनची धूळ तशीच होती.

जयमाला भट्टीवर गेली. विझलेल्या भट्टीत कळीचे खडे तसेच पडून होते. काही दमट हवेने आपोआप फुटून पिठूळ झाले होते. चुन्याला पाणी लागतेच असे नाही. नुसते उघड्यावर ठेवले तरी तो हवेतली ओल ओढून हळूहळू विझत जातो. त्याला दिवस लागतात आणि वाफ निघत नाही. तिने त्यांतले टणक खडे वेचले. गल्लीतून परतताना एकेका दारातून एकेक खडा तिच्या घमेल्यात पडू लागला. दोन आठवड्यांपासून लोकांनी आपापल्यासाठी जपून ठेवलेले खडे होते ते. नामदेवने दोन टाकले.

तिने घमेले उंबऱ्यावर ठेवले. विहिरीवरून कळशी भरून आणली आणि घमेल्याशेजारी ठेवली. मग ती बाजूला सरली.

"आणलाय आत्याबाई," ती म्हणाली. "पाणी घालणं थोरल्या बाईचं काम. तुमी घाला न्हाईतर नका घालू. मी हात धरणार न्हाई."

सोनाबाई उंबऱ्याच्या आत खाली बसली. तिने एक खडा उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला. मग तिने कळशीच्या गळ्यावर हात ठेवला. उंबऱ्यापासून गटार एका पावलावर होते. गटारापासून यंत्र एका हाकेवर. नाल्याच्या तोंडाशी हुंग्याचा पंप ठरल्या वेळी सुरू झाला, घोटभर पाणी ओढून थांबला. त्याचा आवाज गल्लीत सगळ्यांना ऐकू आला.

डॉ. मुजावरांनी दुपारी तीननंतर जयमालाला चार फोन केले. एकही घेतला गेला नाही. पडद्यावरचा शेरा बदललेला नाही: पडताळणी सुरू. समाजमंदिराला कुलूप आहे. गल्लीत कोणी आपल्या दारातून उठलेले नाही, आणि सोनाबाईचा हात अजून कळशीवर आहे.

सायंकाळी साडेपाचपर्यंत मिळालेल्या माहितीनुसार कळशी भरलेलीच होती.